एका द्राक्षकाडीचा प्रवास

लिव्हरमोर म्हटलं की आपल्या बे एरियातल्या मराठी मंडळींना आधी आठवतं ते शिव-विष्णू मंदिर. मला इतिहासाची खोड असल्यामुळे त्याबरोबर द्राक्षाची एक काडीही आठवते. न पिणाऱ्यांनीही पुढे वाचायला हरकत नाही, कारण ही गोष्ट बाटलीची कमी आणि वेलीची जास्त आहे.

द्राक्षाची लागवड कोणी बी पेरून करत नाही. बियांपासून आलेली वेल आईच्या वळणावर जाईलच याचा भरवसा नसतो. म्हणून चांगल्या वेलीची काडी छाटायची आणि ती रुजवायची किंवा खुंटावर कलम करायची, आपल्या हापूससारखंच. अशा एका वेलीच्या वंशाला 'क्लोन' म्हणतात. पण वर्षानुवर्षं नक्कल होत असताना मध्येच एखाद्या फांदीत आपोआप बदल होतो. तासगावची 'तास-ए-गणेश' आणि नान्नजची 'सोनाका' ही द्राक्षं अशीच थॉम्सन सीडलेसमधून शेतकऱ्यांच्या नजरेने हेरलेली.

आता लिव्हरमोरकडे वळू. १८८० च्या दशकात चार्ल्स वेटमोर यांनी फ्रान्समधल्या शातो दिकेम या नामवंत मळ्यातल्या काड्या इथे आणल्या. त्यांत साव्हिन्यों ब्लां ही पांढऱ्या वाइनची जात होती. पुढे ती वेंटी कुटुंबाच्या मळ्यात वाढली. १९५८ साली तिथली काडी डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेली आणि तिचं नाव पडलं 'क्लोन १'. त्या काळी निवडीत भर होता तो रोगमुक्त वेल आणि भरवशाचं पीक यांवर. वासाचा विचार मागेच राहिला.

१९७० च्या दशकात हा क्लोन न्यूझीलंडला पोचला. तिथे मार्लबरो भागात १९७५ साली साव्हिन्यों ब्लांची लागवड झाली आणि १९७९ साली पहिली वाइन निघाली. तिच्या वासाने पुढे जगाला वेड लावलं. त्या वासात दोन घराणी आहेत. ढोबळ्या मिरचीसारखा हिरवा वास येतो तो मिथॉक्सीपायराझिनमुळे. पॅशनफ्रूट आणि पपनसाच्या जवळचा वास येतो तो थायॉल या गंधकयुक्त द्रव्यांमुळे. गंमत म्हणजे थायॉल रसात बांधलेले असतात, तेव्हा त्यांना वासच नसतो. आंबवताना यीस्ट त्यांना मोकळं करतं. मिरचीचा वास थंड हवेत टिकतो आणि लिव्हरमोरच्या उन्हात उतरतो. तेव्हा सगळं श्रेय क्लोनला देता येत नाही. काडी तीच, पण माती आणि हवा बदलली की वास बदलतो.

मग नुसत्या क्लोनने वास बदलतो का? बदलतो. शार्डने या जातीचा एक 'म्युस्के' क्लोन आहे. एरवी शार्डनेचा स्वतःचा वास बेताचा, पण या क्लोनला मात्र मस्कॅट द्राक्षाचा घमघमाट येतो. २०१० साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की हा फरक डीएक्सएस नावाच्या एका जनुकातल्या बारीकशा बदलामुळे पडतो. त्या बदलाने टर्पीन द्रव्यं वाढतात. ही काही परकी नव्हेत. लिनॅलूल आपल्या धन्यात असतं आणि जिरॅनिऑल गुलाबात. गेवुर्त्सट्रामिनर ही वाइनची प्रसिद्ध जातसुद्धा मुळात सावान्यां नावाच्या जुन्या जातीचं असंच सुगंधी रूप आहे.

या निवडीची दुसरी बाजूही आहे. न्यूझीलंडची बहुतेक साव्हिन्यों ब्लां आजही त्या एकाच क्लोनची आहे. एखादा नवा रोग आला किंवा हवामान बदललं, तर सगळे मळे एकाच वेळी अडचणीत येतील. म्हणूनच २०२२ साली तिथे या जातीची १२,००० नवी रूपं तयार करून पारखण्याचा कार्यक्रम सुरू झाला. जे वैविध्य जुन्या मळ्यांत फुकट मिळत होतं, ते आता खर्च करून घडवावं लागतंय.

नाशिकजवळ १९९७ साली राजीव सामंत यांनी साव्हिन्यों ब्लां लावली. ते पूर्वी आपल्याच बे एरियात ऑरेकलमध्ये नोकरीला होते. आज नाशिकच्या मळ्यांतही या वेली आहेत. फांदी हेरण्याची नजर आपल्या शेतकऱ्यांकडे आहे, हे तासगाव आणि नान्नजने दाखवून दिलंय. आता मण्याच्या आकाराबरोबर त्यांनी वासाकडेही लक्ष दिलं, तर उद्या कुणी सांगावं, डेव्हिसच्या यादीत नाशिकचीही एक काडी असेल!