डोमेन कंट्रोलरचे आभासीकरण
संगणकजालातील वापरकर्त्यांची ओळख, परवलीचे शब्द व अधिकार यांची नोंद ठेवून प्रवेशापूर्वी प्रत्येकाची शहानिशा करणाऱ्या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर म्हणतात. हा सर्व्हर स्वतंत्र यंत्रावरून आभासी यंत्रावर, म्हणजे एकाच यंत्रात आज्ञावलीने निर्माण केलेल्या अनेक संगणकांपैकी एकावर, हलविणे म्हणजे त्याचे आभासीकरण होय.

आभासी यंत्राची कल्पना डोमेन कंट्रोलरहून जुनी आहे. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९६० नंतरच्या दशकात मोठ्या संगणकांवर तिचे प्रयोग केले व १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये आभासीकरणास आवश्यक अशा अटी शास्त्रशुद्ध रीतीने मांडल्या. पुढे प्रसार पावलेले लहान संगणक या अटी पूर्ण करीत नव्हते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने आज्ञावलीच्या साहाय्याने ही उणीव भरून काढली. त्यानंतर कार्यालयांतील निरनिराळे सर्व्हर एकाच यंत्रात आणून जागा, वीज व खर्च वाचविण्याकडे कल वाढला.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटी (१९९३) या प्रणालीत नोंदींत बदल करण्याचा अधिकार एकाच मुख्य कंट्रोलरला असे. इतरांजवळ केवळ प्रती असत. २००० साली आलेल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत सर्व कंट्रोलर बदल करू लागले व ते परस्परांना कळवू लागले. त्यासाठी प्रत्येक कंट्रोलर आपल्या बदलांना चढते क्रमांक देतो आणि कोणाचे कोणत्या क्रमांकापर्यंतचे बदल मिळाले, हे इतर कंट्रोलर लक्षात ठेवतात.

आभासीकरणातील मुख्य धोका या रचनेतूनच उद्भवतो. आभासी यंत्राची प्रत काढणे व ते पूर्वस्थितीस नेणे सोपे असते. समजा, एका कंट्रोलरचे ५,००० क्रमांकापर्यंतचे बदल इतरांना मिळाले असून तो जुन्या प्रतीवरून ४,२०० क्रमांकाच्या स्थितीस परत नेला. त्याने त्यापुढे केलेले ८०० बदल इतर कंट्रोलर ‘आधीच मिळालेले’ समजून सोडून देतात. जालाच्या एका भागात रद्द झालेला अधिकार दुसऱ्या भागात चालूच राहतो आणि प्रारंभी कोणतीही त्रुटी दिसत नाही. मूळ यंत्र व त्याची प्रत दोन्ही एकाच वेळी चालू राहिल्यास गोंधळ अधिकच वाढतो. घड्याळाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. केर्बेरॉस या ओळखपद्धतीत दोन यंत्रांच्या वेळांत सामान्यतः ५ मिनिटांहून अधिक फरक चालत नाही.

या कारणांमुळे जुन्या यंत्राची नक्कल न करता नवे आभासी यंत्र उभारून त्यास अतिरिक्त कंट्रोलर करणे, सर्व नोंदी त्याकडे पोहोचल्यावर पाच विशेष जबाबदाऱ्या त्यास देणे व अखेरीस जुन्या यंत्रास रीतसर पदमुक्त करणे, ही पद्धत सुरक्षित मानली गेली. सर्व कंट्रोलर एकाच यजमान यंत्रात ठेवू नयेत, हाही नियम रूढ झाला. विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये आभासी यंत्रास ओळख-क्रमांक देण्यात आला; यंत्र मागे नेल्यास तो बदलतो आणि कंट्रोलर सावध होऊन नव्या ओळखीने बदल कळवू लागतो.

भारतात १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने २०१४ मध्ये आभासी यंत्रांवर आधारलेली राष्ट्रीय क्लाउड सेवा सुरू केली. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उतारा उपलब्ध होऊ लागला. दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंगसारख्या गावच्या खातेदाराचा संबंध आता कार्यालयातील दप्तराइतकाच दूरच्या सर्व्हरशीही येतो. तेथील प्रणाली कोणतीही असो, नोंद कोणी करावी याचा अधिकार जेथे नोंदविलेला असतो ती नोंदच बिनचूक नसेल, तर जमिनीच्या नोंदीचीही शाश्वती राहत नाही. बदली झालेल्या कर्मचाऱ्याचा अधिकार जुन्या प्रतीमुळे पुन्हा जिवंत होऊ नये, यासाठी यंत्र हलविण्याच्या कामात वेगापेक्षा क्रमास अधिक महत्त्व आहे.