बनधनिया ऊर्फ शॅडो बेनी

त्रिनिदादच्या बाजारात 'शॅडो बेनी' मागितली, की वीतभर लांब, कडेला करवतीसारखे दाते असलेल्या पानांची जुडी हातात पडते. वास थेट कोथिंबिरीचा, पण कितीतरी उग्र. लिनियसने 1753 मध्ये या झाडाला लॅटिनमध्ये 'दुर्गंधी' ठरवून टाकलं : एरिंजियम फीटिडम. बिचाऱ्याने या पानांची चटणी खाल्ली नसावी.

झाड मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातलं, नाव मात्र फ्रेंच. त्रिनिदादवर फ्रेंचांची सत्ता कधी नव्हती. पण 1783 मध्ये स्पेनच्या राजाने कॅथलिक मळेवाल्यांना तिथे जमिनी देऊ केल्या आणि आसपासच्या बेटांवरून फ्रेंच मालक आपल्या गुलामांसह आले. 1797 मध्ये बेट इंग्रजांनी घेतलं, तरी लोकांच्या तोंडी फ्रेंच वळणाची बोलीच राहिली. युरोपात 'शार्दों बेनी' म्हणजे 'पवित्र काटेरी' नावाची एक निराळीच औषधी वनस्पती होती. तिचं नाव या काटेरी पानांना चिकटलं आणि इंग्रजी कानांनी त्याचं शॅडो बेनी केलं.

कलकत्त्याहून निघालेलं 'फातेल रझाक' जहाज वेठकरारावरचे मजूर घेऊन 30 मे 1845 रोजी त्रिनिदादला लागलं. ही भरती 1917 पर्यंत चालली. उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या या मजुरांपैकी बहुतेक भोजपुरी मुलखातले. त्यांनी पान चुरगाळून हुंगलं असेल आणि नाव दिलं बनधनिया, रानातली कोथिंबीर. नाक चुकलं नाही : दोन्ही झाडं एकाच कुळातली, वास देणारी रसायनंही जवळची. गंमत अशी, की हेच झाड बंगालात पोचलं तेव्हा 'बिलाती धोने' म्हणजे विलायती धने झालं. बंगालात झाड परकं, त्रिनिदादमध्ये माणसं परकी.

आज त्रिनिदादी घरात कोंबडी आधी 'ग्रीन सीझनिंग'मध्ये मुरते : बनधनिया, पातीचा कांदा, लसूण, मिरची आणि युरोपातून आलेला थाइम, सगळं वाटून. मग पाण्यात कालवलेला करी मसाला तापल्या तेलात टाकून त्यात ती परततात. याला म्हणायचं 'भुंजे'. डाळीला फोडणी दिली की 'चुंके'. आपल्याकडे करायचं तर कोथिंबीर देठांसकट दुप्पट घ्यावी आणि थोडी शेवटी वरून घालावी, कारण तिचा वास शिजवताना उडतो, बनधनियाचा बराच टिकतो.

कैरीला मात्र आच लागत नाही. फोडींना मीठ, लसूण, मिरची आणि बारीक चिरलेलं हे पान चोळलं, की झालं 'मँगो चाव'.