चारित्र्याचा दाखला

आमच्या नारायणगाव परिसरात पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी मुले पहाटे अंधारातच धावायला निघतात. मैदानी चाचणी, लेखी परीक्षा पार पडली की शेवटी त्यांच्यापुढे एक कागद येतो, चारित्र्य पडताळणीचा. ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय?’ जत्रेतल्या मारामारीत ज्याचे नाव गेले, तो मुलगा इथे अडखळतो. खरे लिहावे तर नोकरी जाण्याची धास्ती. लपवावे तर पोलीस ठाण्याचे दप्तर बोलणार.

माणसाचे मागचे पाहून त्याला पारखण्याची सरकारी रीत जुनीच. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात जन्मावरूनच माणूस संशयित ठरे. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढली. आपल्याकडे पारधी, कैकाडी, भामटे यांच्या नशिबी पोलिसांपुढची हजेरी आली, सोलापूरची सेटलमेंट आली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. संशय मात्र गेला नाही.

दुसरीकडे येरवडा पाहा. स्वातंत्र्यासाठी तिथे शिक्षा भोगणारा माणूस इंग्रजांच्या लेखी गुन्हेगारच होता. पुढे १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा साधारणपणे सहा महिन्यांचा कारावास ही पात्रतेची एक कसोटी ठरली. तुरुंगाच्या ज्या नोंदीने माणसाला डाग लागला, तीच नोंद आता मानाचा पुरावा झाली. नोंद तीच होती, वाचणारे सरकार बदलले होते.

म्हणजे नोंद कशी वाचायची, हाच खरा प्रश्न. २०११ साली दिल्ली पोलीस भरतीतल्या एका उमेदवाराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तरुणपणीचा मारहाणीचा खटला त्याने अर्जात लपवला होता. त्या खटल्यात तडजोड होऊन तो सुटलाही होता. तरुण वयातल्या चुकांकडे उदारपणे पाहावे, असे न्यायालयाने म्हटले. मग २०१६ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अवतार सिंग खटल्यात नियमच घालून दिले. तरुणपणी घोषणा दिल्याचा किंवा तसाच किरकोळ गुन्हा लपवला असेल, तर सरकारला तिकडे दुर्लक्ष करता येईल. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर उमेदवारी रद्द करता येईल. खरे सांगितले म्हणून नोकरी दिलीच पाहिजे असेही नाही. पद कोणते, गुन्हा कोणता, याचा विचार करण्याचा अधिकार सरकारकडेच राहतो.

भरतीला निघालेल्या पोरांना म्हणूनच सांगावेसे वाटते, जे घडले ते जसेच्या तसे लिहा आणि खटल्याचा निकाल सोबत जोडा. आणि तो कागद तपासणाऱ्या साहेबांनी शिक्का मारण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. तेव्हा त्या मुलाचे वय काय होते, त्याच्या हातून नेमके काय घडले आणि त्यानंतरची वर्षे तो कसा वागला. आडनावावरून, वस्तीवरून माणूस पारखायची रीत १९५२ सालीच कायद्याने मोडीत निघाली आहे.