उतरायचे कोठे?

युरोपच्या सफरीला निघालेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की उतरायचे कोठे? शहराच्या मध्यावर जादा भाडे भरावयाचे, की लांब स्वस्तात राहून रोज आगगाडीला पैसे मोजावयाचे? आज हा हिशेब घरबसल्या मांडता येतो. परंतु हा प्रश्न विचारण्याची ऐपत आणि मुभा सामान्य माणसाला केव्हा मिळाली, हे प्रवासवर्णनांत क्वचितच सांगितलेले असते. आम्ही लंडन या एकाच शहरापुरता त्याचा शोध घेणार आहोत.

१८४१ साली टॉमस कुक या सुतारकाम करणाऱ्या गृहस्थाने लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी खास आगगाडी नेली. जाऊन येऊन भाडे एक शिलिंग. दहाच वर्षांनी, १८५१ साली, लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेच्या भव्य महालात जागतिक प्रदर्शन भरले. साडेपाच महिन्यांत त्याला सुमारे साठ लाख भेटी झाल्या. २६ मेपासून सोमवार ते गुरुवार प्रवेशाचा दर एक शिलिंगवर आला आणि गिरण्या-कारखान्यांतील माणसे लोटली. त्यांनी ठिकठिकाणी मंडळ्या काढून त्यासाठी थोडे थोडे पैसे बाजूस टाकले होते. एकट्या कुकने दीड लाखांवर माणसे नेली, असे सांगतात.

गाडी मिळाली, तिकीट मिळाले. पण रात्री पाठ कोठे टेकावयाची? हॉटेले श्रीमंतांसाठी होती. गरिबांसाठी होती ती सार्वजनिक निवासगृहे. तेथे एका बिछान्यावर अनेक जण, आणि स्वच्छतेच्या नावाने शून्य! म्हणून पिम्लिको भागात टॉमस हॅरिसन याने ‘मेकॅनिक्स होम’ उघडले. एका रात्री हजार माणसांची सोय, दर एक शिलिंग तीन पेनी. म्हणजे जगातील नवलाई पाहण्यास एक शिलिंग पुरे होता, परंतु रात्रभर झोपण्यास त्याहून जास्त पडत होते. कामगाराच्या सफरीत बिछान्याचे ओझे केवढे होते, हे या दोन आकड्यांवरून कळते.

त्याच वर्षी पार्लमेंटने निवासगृहांचा कायदा केला. नोंदणी, तपासणी आणि खोलीत किती माणसे झोपवावयाची यावर मर्यादा आली. त्याच प्रदर्शनाजवळ राणीचे यजमान आल्बर्ट यांनी चार कामगार-कुटुंबांसाठी आदर्श घरांचा नमुना उभारून दाखविला. तरी चांगला बिछाना मिळण्यास आणखी चाळीस वर्षे लागली. पंतप्रधान डिझरायलीचे एके काळचे चिटणीस लॉर्ड राउटन यांनी स्वतःचे तीस हजार पौंड घालून १८९२ साली व्हॉक्सहॉल येथे कामगारांसाठी निवासगृह बांधले. एका रात्रीला सहा पेनी दिल्या, की स्वतंत्र कप्पा, स्वच्छ चादरी, स्नानाची सोय आणि वाचनाची खोली मिळे. १९०५ पर्यंत अशी सहा गृहे झाली. नियम कडक होते आणि स्त्रियांना तेथे थारा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. परंतु एकट्या माणसाला स्वतःपुरता आडोसा हवा असतो, ही गोष्ट त्या धनिकाने ओळखली. ती ओळखावयास दयेपेक्षा डोळे उघडे असावे लागतात.

पैसा असला म्हणजे दार उघडते, असेही नव्हते. हिंदी विद्यार्थ्यांना लंडनमध्ये खोल्या नाकारल्या जात. म्हणून श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली हायगेट भागात ‘इंडिया हाउस’ काढले. पुढच्या वर्षी तेथे उतरलेले सावरकर आपणा सर्वांस ठाऊक आहेत. १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहून अभ्यास करीत होते. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले. मुक्कामाची जागा कधी कधी राष्ट्राची ठेव होते, ती अशी.

१९४३ साली वेस्ट इंडीजचे थोर क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांनी लंडनच्या इम्पीरियल हॉटेलात कुटुंबासह चार रात्रींची जागा ठरविली होती. तेथे पोहोचल्यावर त्यांना सांगण्यात आले, की एक रात्र राहा आणि निघा. त्यांच्या वर्णामुळे अमेरिकन पाहुण्यांची नापसंती होईल! ते न्यायालयात गेले. पैसे देऊ शकणाऱ्या प्रवाशाला सबळ कारणावाचून परत लावता येत नाही, हा खानावळवाल्यांचा इंग्लंडातील जुना दंडक त्यांच्या कामी आला. १९४४ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. भरपाई मिळाली पाच गिनी. वर्णभेदाविरुद्ध कायदा व्हावयास मात्र १९६५ उजाडले. तो हॉटेलांना लागू झाला. भाड्याच्या घरांसाठी १९६८ पर्यंत थांबावे लागले.

एक गोष्ट राहिली, आणि आमच्या चळवळीच्या दृष्टीने तीच मुख्य. बिछाना स्वस्त झाला, दार उघडले, परंतु माणसाला सुटीच नसेल तर? १९३६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी रजेचा करार संमत केला. त्याच वर्षी फ्रान्समधील कामगारांनी मोठ्या संपानंतर दोन आठवड्यांची पगारी रजा मिळविली. ब्रिटनचा कायदा १९३८ चा. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगाराला कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. आगगाडी, कायदा आणि रजा या तीन गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा कोठे ‘उतरायचे कोठे?’ हा प्रश्न कामगाराच्या तोंडी आला.

म्हणून आम्हांस वाटते, की लंडनला जाल तेव्हा जागा निवडताना भाडे पाहा, स्टेशन पाहा, अवश्य पाहा. पण आपल्याला निवडता येते, हीच मोठी गोष्ट आहे, हेही ध्यानात असू द्या. आपल्याच गावात कंत्राटावर राबणारा माणूस, एक खाडा झाला की मजुरी बुडणारा, अजून या प्रश्नापर्यंत पोहोचलेला नाही. तो पोहोचेपर्यंत हा इतिहास पुरा झाला, असे आम्ही म्हणणार नाही.