तूप, गाजर आणि आकडे

बेटेगावाजवळून धावणाऱ्या पश्चिम रेल्वेतील डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली देशभरच्या रेल्वे-नोकरांतील हृदयविकारावर निबंध प्रसिद्ध केला. दूधतूप भरपूर खाणाऱ्या पंजाब्यांपेक्षा दाक्षिणात्यांत हा रोग सुमारे सातपट आढळला! तूप निर्दोष ठरवण्याचा मोह आपल्याला होतोच. परंतु या दोघांत फरक एवढ्या तुपाचाच काय? तेल निराळे, पोळीऐवजी भात, हवा वेगळी, मेहनतीची रीतही वेगळी. यांतले कोणते कारण, हे नुसत्या तुलनेने कसे कळावे?

ते कळण्याची रीत फिनलंडात दिसली. गाजर-पालेभाजी खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, म्हणून श्रेय भाजीतल्या बीटा-कॅरोटिनला मिळाले. (भाजीची आवड असलेला माणूस बहुधा विडीही बेतानेच ओढतो!) मग २९,१३३ धूम्रपानी पुरुषांत जणू चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना त्याच्या गोळ्या दिल्या. १९९४ साली निकाल लागला : गोळी घेणाऱ्यांतच कर्करोग अधिक निघाला.