दिनविशेष : ९ मे – तबेल्याच्या जोरावर धावली मुंबई

१८७४ : मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी हे पहिले दोन मार्ग; भाडे तीन आणे. ट्राम चालवणाऱ्या स्टर्न्स आणि किटरेज कंपनीच्या तबेल्यात तब्बल ९०० घोडे होते. भीमथडी घोड्यांसाठी नावाजलेल्या आपल्या बारामती-इंदापूरच्या मुलखाला हा आकडा विशेष वाटावा. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि तबेल्यांची गरज संपत गेली. कुलाबा कॉजवेवर कंपनीची कचेरी होती, तिथे आज ‘बेस्ट’चे इलेक्ट्रिक हाउस आहे. ३१ मार्च १९६४ला ट्रामही थांबली. शहराचा भार वाहणाऱ्या या मुक्या जनावरांची नोंद इलेक्ट्रिक हाउसच्या जागी ठळकपणे करायला हवी.