दहा सेकंदांचा निळा रंग

मासळीच्या यकृताच्या तेलात तीव्र सल्फ्युरिक आम्लाचा थेंब टाकला की ते जांभळं होतं. औषधविक्रेत्यांना ही खूण जुनीच ठाऊक होती. तेल खरं की भेसळीचं, हे ते त्यावरून ओळखत. त्या जांभळ्यामागे जीवनसत्त्व ‘अ’ दडलंय, हे मात्र कुणाच्या गावी नव्हतं.

या सत्त्वाचा पत्ता लागला तो उंदरांमुळे. १९१३मध्ये विस्कॉन्सिनला मॅककॉलम आणि मार्गरिट डेव्हिस यांच्या उंदरांची वाढ डुकराच्या चरबीवर खुंटली आणि लोण्यातल्या स्निग्धांशावर पुन्हा सुरू झाली. त्या उंदरांची सारी उस्तवार डेव्हिस यांनी केली, तीही कित्येक वर्षं बिनपगारी. मॅककॉलम यांच्याइतकंच त्यांचं नाव घेतलं गेलं पाहिजे. पण उंदीर वाढवून मोजायचं म्हणजे एका नमुन्यापायी आठवडेच्या आठवडे जायचे.

शिवाय रंगाचं कोडं होतंच. १९१९मध्ये स्टीनबॉक यांना दिसलं, की पिवळ्या मक्यात गुण आहे, पांढऱ्यात नाही; गाजरात आहे, बटाट्यात नाही. मग हा पिवळा रंगच ते सत्त्व का? तसं म्हणावं तर यकृताचं तेल जवळजवळ बिनरंगी असूनही गुणाला सर्वांत जबर! हा पेच सुटायला दहा वर्षं लागली. केंब्रिजच्या थॉमस मूर यांनी दाखवून दिलं, की उंदीर पिवळं कॅरोटीन खातो आणि त्याच्या यकृतात बिनरंगी ‘अ’ साठतं. १९३१मध्ये कारर यांनी रचना मांडली: कॅरोटीनच्या रेणूत कार्बनचे ४० अणू, ‘अ’मध्ये २०. बीटा-कॅरोटीनचा रेणू बरोब्बर मधोमध तुटतो. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत देखणी वाटते ती ही जागा.

मूर यांच्या हाती तोवर एक चाचणी आली होती. १९२५मध्ये रोझेनहाइम आणि ड्रमंड यांनी आर्सेनिक ट्रायक्लोराइडने तेलात निळा रंग आणला. पुढच्याच वर्षी कार आणि प्राइस यांनी आर्सेनिकऐवजी अँटिमनी वापरला. क्लोरोफॉर्ममधलं द्रावण ओतताच नळी गर्द निळी होते, पण जेमतेम दहा सेकंद. तेवढ्यात रंगीत काचांशी ताडून आकडा लिहून घ्यायचा. ओलाव्याचा अंश जरी राहिला तरी द्रावण गढुळतं. मोठी नाजूक चाचणी, तरी ती अनेक दशकं टिकली. आता द्रव-क्रोमॅटोग्राफीचं यंत्र ३२५ नॅनोमीटरच्या अदृश्य प्रकाशात हे काम करतं.

मोजण्याचं एकक मात्र अजून त्या जुन्या काळातलंच आहे. एक युनिट म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम रेटिनॉल, म्हणजेच ‘अ’. रातांधळेपणा टाळण्यासाठी आपल्याकडे लहान मुलांना दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिटांचा डोस पाजतात. त्यात रेटिनॉल असतं ६० मिलिग्रॅम.